कष्टाच्या घोड्याचा आहार : चंदी, वैरण आणि खनिजांचा तोल

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथे पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारा, टांग्याला जुंपला जाणारा किंवा लग्नसराईत वरातीला जाणारा घोडा हा कष्टाचा घोडा असतो, आणि त्याचे खाणे शौकाखातर पाळलेल्या घोड्यापेक्षा वेगळे असावे लागते, हे नव्या घोडेवाल्यालाही ठाऊक असते. मात्र या वेगळेपणाचा अर्थ सहसा एकच घेतला जातो, तो म्हणजे चंदी, म्हणजे धान्य आणि भुशाचा खुराक, वाढवणे. घोडा अंगाने उतरला की गव्हाचा भुसा (गहू दळताना निघणारा कोंडा) वाढवायचा, आणखी उतरला की हरभरा वाढवायचा, आणि तरीही फरक पडला नाही की दुकानातून एखादे टॉनिक आणायचे, असा क्रम जागोजागी दिसतो. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक कामाच्या घोड्यांच्या खाण्यात पहिली उणीव असते ती कॅल्शियमची आणि साध्या मिठाची. या दोन्ही गोष्टी स्वस्त आहेत, आणि त्या न भरता बाकी काहीही दिले तरी पैसा लीदेवाटे जातो.

या लेखातील सर्व आकडे सुमारे ३०० किलो वजनाच्या, आठवड्यातून काही दिवस मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या घोड्यासाठी आहेत. माथेरानात दिसणारे बरेचसे लहान चणीचे घोडे आणि तट्टे या वजनाच्या आसपास बसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये घोड्यांची जी पोषणमानके प्रसिद्ध केली, ती ५०० किलोच्या घोड्यासाठी मांडलेली पाहायला मिळतात. येथे ती वजनाच्या प्रमाणात उतरवून घेतली आहेत. आपला घोडा ३५० किलोचा असेल तर प्रत्येक आकडा साधारण एक षष्ठांशाने वाढवावा.

पहिली पायरी : वजन आणि अंगलट

वजनकाट्यावर घोडा उभा करण्याची सोय क्वचितच असते, परंतु शिंप्याच्या टेपने बऱ्यापैकी जवळचा अंदाज बांधता येतो. घोडा सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभा करावा. पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागून, म्हणजे जेथे तंग (खोगिराचा पट्टा) आवळला जातो त्या जागी, टेप छातीभोवती फिरवून घोड्याने श्वास सोडल्यावर घेर मोजावा. त्यानंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ११,८७७ ने भागावे. घेर १५५ आणि लांबी १५२ असेल तर उत्तर सुमारे ३०७ किलो येते. हे वजन किलो-दोन किलोपर्यंत अचूक नसते. पण महिन्याच्या महिन्याला त्याच माणसाने त्याच पद्धतीने माप घेतले, तर घोडा भरतो आहे की उतरतो आहे, हे नजरेच्या अंदाजापेक्षा कितीतरी आधी कळते.

वजनाबरोबर अंगलटही पाहावी. यासाठी जगभर १ ते ९ अशी श्रेणी वापरली जाते. १ म्हणजे हाडांचा सापळा आणि ९ म्हणजे अतिलठ्ठ. कामाचा घोडा ५ च्या आसपास असावा. बरगड्या लांबून दिसू नयेत, मात्र तळहात सपाट ठेवून हलकेच फिरवला तर एकेक बरगडी बोटांखाली जाणवावी. हिवाळ्यात केस वाढलेले असतात तेव्हा डोळ्यांवर विसंबू नये, हातच लावावा.

याच ठिकाणी एक गोष्ट सांगून ठेवतो. घोड्याच्या पाठीवर खोगिरासह त्याच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश भार असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ३०० किलोच्या घोड्यावर तो ६० किलो होतो. नव्वद किलोचा पर्यटक रोज वाहणाऱ्या तट्टाची झीज कोणत्याही चंदीने भरून येत नाही.

दुसरी पायरी : वैरण आधी ठरवावी

नवखा माणूस चंदीपासून सुरुवात करतो. हिशेब मात्र वैरणीपासून करावा. घोड्याचे जठर लहान असते आणि त्यात आम्ल सतत पाझरत असते, तो खात असो वा नसो. त्याचे खरे पचनयंत्र मोठ्या आतड्यात असते, जेथे सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू कुजवून त्यातून शक्ती काढतात. त्यामुळे दिवसाला वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला साडेचार किलो कोरडी वैरण पोटात गेलीच पाहिजे. चंदी धरून एकूण कोरडे खाणे वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे सहा ते साडेसात किलो होते.

वैरण कोणती, यावर खनिजांचा निम्मा प्रश्न अवलंबून असतो. वाळलेले गवत ही पाया म्हणून चांगली वैरण आहे. घाटावरून येणारा ज्वारीचा कडबा स्वच्छ, नीट वाळलेला आणि बुरशी नसलेला असेल तर कुट्टी करून गवताबरोबर देता येतो. कोवळ्या ज्वारीच्या हिरव्या फुटव्यावर मात्र घोडा कधीही सोडू नये. त्यात सायनाइडचे विष असते, आणि ज्वारीच्या जातीच्या हिरव्या चाऱ्यावर दीर्घकाळ राहिलेल्या घोड्यांना मूत्राशयाचा आजार होऊन मागचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. कोकणात भाताचा पेंढा मुबलक आणि स्वस्त मिळतो, पण त्यात सिलिका जास्त आणि पोषण फार थोडे असते. त्याने पोट भरते, घोडा भरत नाही. तो अंथरुणाला वापरावा.

गजराज, नेपियर यांसारखी लागवडीची गवते, उसाचे वाढे आणि पेंढा यांच्याबाबत आणखी एक अडचण आहे, आणि ती गाई-म्हशी पाळून घोड्यांकडे वळलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. या चाऱ्यांत ऑक्झलेट असते. ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते आणि न विरघळणारा क्षार तयार करते. गाईच्या पहिल्याच पोटातील सूक्ष्मजीव हे ऑक्झलेट बऱ्याच अंशी मोडून टाकतात, म्हणून तिचे फारसे बिघडत नाही. घोड्याच्या शरीरात कॅल्शियम शोषले जाते ते लहान आतड्यात, आणि सूक्ष्मजीवांचा कारखाना लागतो त्यानंतर, मोठ्या आतड्यात. ऑक्झलेट तेथे पोहोचेपर्यंत कॅल्शियम शोषण्याची जागा मागे पडलेली असते. चारा-तपासणीच्या अहवालात कॅल्शियम पुरेसे दिसूनही घोड्याच्या हाडांना ते मिळत नाही, याचे कारण हे आहे. गजराज गवत घालायचेच असेल तर ते एकूण वैरणीचा थोडा भाग असावे आणि सोबत लसूणघास (ल्युसर्न) असावा.

लसूणघास हा आपल्या हाताशी असलेला कॅल्शियमचा उत्तम साठा आहे. वाळवलेल्या लसूणघासाच्या एका किलोत १३ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि दोन ते अडीच ग्रॅम फॉस्फरस असतो. ओला घ्यायचा असेल तर चार ते साडेचार किलो ओला घास म्हणजे एक किलो वाळलेला, असे धरावे. यापेक्षा फार जास्त देण्याची गरज नसते. घास सुरू केल्यावर घोड्याचे मूत्र पांढरट, गढूळ दिसू लागले तर घाबरू नये. घोडा जास्तीचे कॅल्शियम मूत्रावाटे टाकतो आणि त्याचे मूत्र एरवीही थोडे गढूळच असते.

तिसरी पायरी : चंदी डब्याने मोजू नये

भुसा, जव आणि हरभरा एकाच डब्याने मोजण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि आहाराचा तोल बिघडण्याची सुरुवात तेथूनच होते. एक लिटरच्या डब्यात गव्हाचा भुसा पाव किलोच्या आसपास बसतो, जव सहाशे ग्रॅमच्या पुढे जातो आणि हरभरा पाऊण किलोच्या घरात जातो. म्हणजे ‘दोन डबे चंदी’ या शब्दांतून अर्धा किलोही निघतो आणि दीड किलोही. साधा हुकाचा ताणकाटा घ्यावा, प्रत्येक धान्याचा एकेक डबा एकदा वजन करून पाहावा आणि डब्यावर खुणा करून ठेवाव्यात. वैरणीच्या पेंडीचेही असेच वजन एकदा तरी करावे; पेंडी दिसायला मोठी आणि वजनाला हलकी निघते.

एका वेळी पाऊण किलोच्या आसपासच चंदी द्यावी, आणि त्यातील धान्याचा वाटा साधारण अर्धा किलोच्या वर जाऊ देऊ नये. यापेक्षा जास्त पिष्ट (धान्यातला स्टार्च) एकदम पोटात गेले तर ते लहान आतड्यात पूर्ण पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, आणि त्यातून पोटशूळ किंवा खुराचा दाह उद्भवू शकतो. म्हणून दीड किलो चंदी असेल तर तिचे दोन किंवा तीन तोबरे करावेत. जव भरडून द्यावा. हरभरा सहा-आठ तास भिजवून द्यावा, आणि उन्हाळ्यात भिजवलेला हरभरा आंबूस वासाला लागला असेल तर टाकून द्यावा. मक्याचा दाणा किंवा शेंगदाण्याची पेंड वापरायची असेल तर बुरशीचा एक दाणाही चालवून घेऊ नये. बुरशी लागलेल्या मक्यातील विष घोड्याच्या मेंदूवर जाते आणि त्यावर उपचार नाही.

गाई-म्हशींचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याला अजिबात देऊ नये. त्यांतील काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. ते जनावराच्या इतर जातींना चालते, घोड्याच्या हृदयाच्या स्नायूला मात्र अगदी थोड्या मात्रेतही घातक ठरते. पोत्यावर ते छापलेले नसेल तरीही त्याच गिरणीत त्याच यंत्रातून आधी काय गेले, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो.

चौथी पायरी : कॅल्शियम आणि फॉस्फरसचा हिशेब

हा या लेखाचा गाभा आहे, तेव्हा येथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. मध्यम कष्टाच्या ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे २१ ग्रॅम कॅल्शियम आणि १२ ते १३ ग्रॅम फॉस्फरस लागतो. केवळ एवढी मात्रा पुरी होऊन भागत नाही. दोहोंचे प्रमाणही जुळावे लागते. संपूर्ण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट असावे आणि कोणत्याही परिस्थितीत ते फॉस्फरसपेक्षा कमी होऊ नये.

आता आपल्याकडची नेहमीची पद्धत घेऊ : साडेचार किलो वाळलेले गवत, दीड किलो गव्हाचा भुसा आणि एक किलो हरभरा. मध्यम प्रतीच्या गवतात किलोमागे ३ ग्रॅम कॅल्शियम आणि दीड ग्रॅम फॉस्फरस धरला, तर गवतातून १३.५ ग्रॅम कॅल्शियम आणि जवळजवळ ७ ग्रॅम फॉस्फरस मिळाला. भुशात किलोमागे एक-सव्वा ग्रॅम कॅल्शियम आणि तब्बल ११ ते १२ ग्रॅम फॉस्फरस असतो. दीड किलोतून सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम आणि १७ ग्रॅम फॉस्फरस आला. हरभऱ्यातून २ ग्रॅमच्या आत कॅल्शियम आणि साडेतीन ग्रॅम फॉस्फरस. बेरीज केली तर कॅल्शियम १७ ग्रॅम आणि फॉस्फरस २७ ग्रॅम, म्हणजे प्रमाण पूर्ण उलटे झाले. हा घोडा उपाशी नाही, त्याची चंदी दोन वेळा भरलेली आहे, आणि तरीही त्याचे शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी रोज स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते आहे.

असे महिनोन्महिने चालले की हाडे ठिसूळ होतात. पूर्वी युरोपात पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा आजार इतका होत असे की तो त्यांच्याच धंद्याच्या नावाने ओळखला गेला. गिरणीत भुसा फुकट, म्हणून घोड्याला भुसाच. सुरुवातीची खूण म्हणजे आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडणे, आखडून चालणे आणि उतारावर पाय टाकायला बिचकणे. नालबंदाला दोष दिला जातो, नाल बदलले जातात आणि लंगडणे तसेच राहते. पुढच्या टप्प्यात डोळ्यांच्या खाली, गालाच्या हाडांवर दोन्ही बाजूंना कडक फुगवटा येतो, चावताना दुखू लागते आणि दात सैल होतात. अशा वेळी केवळ रक्तातील कॅल्शियम तपासून ‘सर्व ठीक आहे’ असे समजू नये, कारण हाडे झिजवून शरीर रक्तातील पातळी बऱ्याचदा सांभाळून घेते. पशुवैद्याला रोजचा आहार वजनासह लिहून दाखवावा. निदान तेथून लवकर होते.

दुरुस्ती अवघड नाही. गवत तेवढेच ठेवावे. भुसा दीड किलोवरून ३०० ग्रॅमवर आणावा, हरभरा अर्धा किलो करावा, पाऊण किलो भरडलेला जव घालावा आणि एक किलो वाळलेला लसूणघास, किंवा त्याच्या चौपट-साडेचौपट ओला, जोडावा. याची बेरीज सुमारे २८ ग्रॅम कॅल्शियम आणि १७ ग्रॅम फॉस्फरस होते. प्रमाण दीडपटीच्या थोडे वर जाते. बळाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही आहार जवळजवळ सारखेच आहेत, आणि प्रथिनेही गरजेपेक्षा कमी पडत नाहीत. भुसा पूर्ण बंद करण्याची आवश्यकता नाही. चंदी ओलसर करून मीठ आणि खनिजांची पूड त्याला चिकटवण्यासाठी मूठ-दोन मूठ भुसा फार उपयोगी पडतो.

लसूणघास मिळतच नसेल तर पशुखाद्यासाठी विकली जाणारी शुद्ध चुनखडीची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घ्यावी. तिच्यात सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असते, त्यामुळे ३० ग्रॅम पुडीतून ११ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. ती दोन वेळच्या ओल्या चंदीत विभागून द्यावी. पानाचा किंवा घराला लावायचा चुना याऐवजी वापरू नये, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. दुकानदार बहुधा डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, पुढे करतो. ते वाईट नाही, पण त्यात कॅल्शियमबरोबर भरपूर फॉस्फरसही असतो, आणि भुसा खाणाऱ्या घोड्याला फॉस्फरस आधीच जास्त झालेला असतो. गाई-म्हशींच्या कॅल्शियमच्या बाटल्यांवरही फॉस्फरसचा आकडा पाहूनच निर्णय घ्यावा.

पाचवी पायरी : मीठ आणि पाणी

माथेरानात रविवारी संध्याकाळी घोड्याचे खोगीर उतरवले की तंगाच्या रेषेवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला घाम वाळून पांढरे पापुद्रे धरलेले दिसतात. खराऱ्याने ते पिठासारखे झडतात. ते मीठ आहे. माणसाचा घाम त्याच्या रक्तापेक्षा पातळ असतो. घोड्याचा घाम रक्ताइतका किंवा त्याहूनही खारट असतो, आणि त्याच्या एका लिटरमधून साधारण ९ ते १० ग्रॅम क्षार निघून जातात, त्यांत सोडियम आणि क्लोराइड सर्वांत जास्त. याचा एक विचित्र परिणाम असा की पाणी आणि मीठ दोन्ही बरोबरीने गेल्यामुळे रक्त फारसे घट्ट होत नाही आणि घोड्याला पुरेशी तहानच लागत नाही. शरीरातले पाणी घटलेले असते, समोर भरलेली बादली असते, आणि घोडा दोन घोट घेऊन मान वळवतो. मीठ पोटात गेले की तो पाणी पितो.

वैरणीत आणि धान्यात सोडियम नगण्य असते, म्हणून मीठ वेगळे द्यावेच लागते. ३०० किलोच्या घोड्याला विश्रांतीच्या दिवशी १५ ग्रॅम, मध्यम कामाच्या दिवशी २५ ते ३० ग्रॅम आणि उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी, जेव्हा अंग ओलेचिंब होते तेव्हा, ५० ते ६० ग्रॅम साधे मीठ पुरते. ते दोन-तीन तोबऱ्यांत विभागून, चंदी ओलसर करून द्यावे. घरात वापरतो ते आयोडीनयुक्त मीठ चांगले. त्यातून आयोडीनची काही गरजही भागते. तबेल्यात सैंधवाचा खडा टांगून ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. काही घोडे तो चाटून संपवतात आणि काही त्याकडे पाहतही नाहीत. मिठाचे प्रमाण वाढवायचे तर पाणी सतत समोर असले पाहिजे, ही अट कायम आहे. पाण्याची टंचाई असेल त्या दिवशी मीठ वाढवू नये.

पाणी विश्रांतीच्या दिवशी १५ लिटर आणि कामाच्या उष्ण दिवशी ३० ते ४० लिटर लागते. ‘घामाघूम घोड्याला पाणी पाजू नये’ असे जुने घोडेवाले सांगतात. त्यांचा मान राखून सांगावेसे वाटते की तहानलेला घोडा तासभर कोरडा ठेवणे हे अधिक धोक्याचे आहे. चार-पाच लिटर साधे पाणी द्यावे, पाच-दहा मिनिटे सावलीत चालवावे आणि पुन्हा द्यावे. चंदी मात्र श्वास शांत झाल्यावर, अंग थंड पडल्यावरच.

सहावी पायरी : जस्त, तांबे आणि सेलेनियम

ही खनिजे मिलिग्रॅममध्ये लागतात, त्यामुळे ती सुटी मोजून देण्याच्या फंदात पडू नये. घोड्यांसाठीच तयार केलेले खनिज मिश्रण घ्यावे आणि लेबल वाचायला शिकावे. आपल्या घोड्याला दिवसाला सुमारे ७० मिलिग्रॅम तांबे आणि २७० मिलिग्रॅम जस्त लागते, म्हणजे जस्त तांब्याच्या तीन ते चार पट. महाराष्ट्रातील बऱ्याच जमिनींत जस्त कमी आहे आणि तेथील वैरणीतही ते कमी उतरते. लेबलवर ‘प्रति किलो १,५०० मिलिग्रॅम तांबे’ असे असेल आणि मात्रा ३० ग्रॅम असेल, तर दिवसाला ४५ मिलिग्रॅम तांबे मिळते. बाकीचे वैरणीतून येईल. हेच गणित प्रत्येक घटकासाठी करावे. मिश्रणात काय किती आहे, हे ज्या डब्यावर आकड्यांत छापलेले नाही, तो डबा दुकानातच ठेवावा.

लोहाच्या टॉनिकांविषयी मी थोडा कठोर आहे. घोडा सुस्त दिसला की रक्त वाढवण्याचे औषध पाजण्याची सवय पडली आहे. कोकणाची आणि माथेरानच्या डोंगराची माती जांभ्याची, लोहाने लाल झालेली आहे. त्या मातीवर वाढलेल्या आणि तिची धूळ बसलेल्या गवतातून घोड्याला लोह गरजेपेक्षा जास्तच मिळते. जास्तीचे लोह शरीराबाहेर टाकण्याची सोय घोड्याकडे जवळजवळ नाही. सुस्तीची कारणे शोधायची तर जंत, दात, मिठाची कमतरता आणि अतिश्रम या क्रमाने शोधावीत.

सेलेनियम थोडे लागते, दिवसाला एक मिलिग्रॅमच्याही आत, आणि उपयोगी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर कमी असते. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथे पोलोचे २१ घोडे चुकीच्या प्रमाणात तयार केलेल्या पूरकातील सेलेनियममुळे दगावले. म्हणून सेलेनियम असलेली दोन उत्पादने एकाच वेळी कधीही देऊ नयेत, आणि त्याचे इंजेक्शन पशुवैद्याशिवाय कोणाच्या हातून घेऊ नये. ई जीवनसत्त्व ताज्या हिरव्या चाऱ्यात भरपूर असते आणि वाळवताना बरेचसे नष्ट होते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत रोज दोन-तीन किलो हिरवे मिळाले तरी पुष्कळ फरक पडतो.

खुरांसाठी एक सूचना. खूर महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढतो, त्यामुळे आज आहार सुधारला तर खुराचा नवा, चांगला भाग जमिनीपर्यंत उतरायला बहुतेक वर्ष लागते. महिनाभरात खुरांची भेग भरून येईल, असे सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नये.

सातवी पायरी : कामाचा दिवस आणि रिकामा दिवस

पर्यटनस्थळावरील घोड्याचे काम सारखे नसते. माथेरानात शनिवार-रविवार दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत खेपांवर खेपा, आणि मंगळवार-बुधवार दिवसभर उभे. चंदी मात्र सातही दिवस तेवढीच दिली जाते. रिकाम्या दिवसांत स्नायूंमध्ये साठलेली शर्करा शनिवारी अचानक कष्ट पडल्यावर त्रास देऊ शकते : काही घोड्यांचे पुठ्ठे आखडून दगडासारखे होतात, ते घामाने भिजतात, पाऊल टाकत नाहीत आणि मूत्र काळसर तपकिरी होते. असे दिसले तर त्याला चालवू नये, जागच्या जागी ठेवावे, पाणी द्यावे आणि पशुवैद्याला बोलवावे. हे टाळण्यासाठी रिकाम्या दिवशी धान्य निम्मे करावे, वैरण तेवढीच ठेवावी आणि घोड्याला अर्धा-पाऊण तास मोकळे चालवावे. खनिज मिश्रण आणि लसूणघास रोज चालू राहावा. कमी-जास्त करायचे ते धान्य आणि मीठ.

कामाच्या दिवशी सकाळी थोडी वैरण आधी, मग चंदी, आणि चंदीनंतर किमान दोन तासांनी खोगीर, असा क्रम ठेवावा. गिऱ्हाइकाची वाट पाहत घोडा चार-चार तास रिकाम्या पोटी उभा असतो, हे मला सर्वांत खटकते. पाझरणारे आम्ल शोषायला पोटात चारा नसला की जठरात व्रण होतात. जाळीच्या पिशवीत दोन किलो गवत सोबत नेणे फारसे अवघड नाही.

आहारातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. वरील भुसा कमी करण्याचा बदलही रोज शंभर-दीडशे ग्रॅमच्या टप्प्याने करावा, आणि प्रत्येक टप्प्यावर लीद पाहावी : ती गोळ्यांची, ओलसर आणि जमिनीवर पडताच फुटणारी असावी. लिदीत अख्खे दाणे दिसत असतील तर भरडा जाड आहे किंवा दातांना कानस लावण्याची वेळ आली आहे.

पावसाळ्याची तयारी

जून ते सप्टेंबरमध्ये काम घटते आणि वैरणीला बुरस येतो. पावसाळ्यापुरती वैरण मे महिन्यातच घ्यावी, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचावी आणि भिंतीला टेकवू नये. पांढरी किंवा काळी बुरशी धरलेली पेंडी झटकून वापरण्याचा मोह टाळावा. काम बंद असताना चंदी अगदी नावापुरती, खनिजे व मीठ बांधण्यापुरती ठेवावी. कोवळ्या पावसाळी गवतावर घोडा एकदम दिवसभर न सोडता पहिल्या आठवड्यात तास-दोन तासांपासून वेळ वाढवत न्यावा. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा टेप लावून वजन घ्यावे, दिवाळीच्या गर्दीच्या तीन आठवडे आधी रोजचे चालणे सुरू करावे, आणि जव दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शंभर ग्रॅमने वाढवत ठरलेल्या मात्रेवर आणावा.